अत्तार: एका आडनावाचा कैरो ते कोल्हापूर प्रवास

सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात अत्तार आडनावाची माणसं बऱ्याच गावांत भेटतात. विजापूर, बेळगाव, धारवाडकडे गेलं तरी भेटतात. आणि दमास्कस, बगदाद, कैरो, मोरोक्कोतलं फेस, ट्यूनिस अशा शहरांतही हेच आडनाव पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे. मग ही सगळी माणसं एकमेकांची कोण लागतात?

आपल्याकडे याची दोन उत्तरं तयार असतात. एक घरातलं: ‘आमचे पूर्वज अरबस्तानातून आले.’ दुसरं बाहेरचं, जरा संशयानं दिलेलं: ‘नावावरूनच कळतंय, हे लोक बाहेरचे.’ दोन्ही उत्तरं निव्वळ आडनावावरून काढलेली आहेत आणि दोन्ही घाईची आहेत. आडनाव अरबी असणं वेगळं आणि कूळ अरबी असणं वेगळं. ही गल्लत गावागावांत माणसांना त्रास देते, म्हणून हा विषय नीट उलगडायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आधी अरबी नावाची ठेवण पाहू. जुन्या अरबी पद्धतीत आपल्यासारखं ठरलेलं आडनाव नसायचं. माणसाचं स्वतःचं नाव, मग ‘इब्न’ म्हणजे अमक्याचा मुलगा, पुढे आजोबा, आणि शेवटी एखादी ओळख: गावावरून, टोळीवरून, धंद्यावरून किंवा अंगच्या एखाद्या खुणेवरून. कैरोतल्या एका प्रसिद्ध विद्वानाचं नाव होतं हसन इब्न मुहम्मद अल-अत्तार. म्हणजे हसन, मुहम्मदचा मुलगा, अत्ताराच्या घरातला. यातलं ‘अल-अत्तार’ हे आडनावासारखं दिसतं, पण मुळात ती नुसती ओळख आहे. बाजारात चार हसन असतील तर कुठला हसन, एवढं सांगण्यापुरती.

धंद्यावरून पडणाऱ्या या ओळखींचा अरबीत एक पक्का साचा आहे. शब्दाच्या मूळ तीन अक्षरांतलं मधलं अक्षर दुहेरी करायचं आणि पुढे ‘आ’ लांबवायचा, की ‘हे काम नेहमी करणारा’ असा अर्थ होतो. इत्र म्हणजे सुगंध, त्याचा व्यापार करणारा अत्तार. सर्फ म्हणजे नाण्यांची अदलाबदल, ती करणारा सर्राफ. हम्ल म्हणजे ओझं, ते वाहणारा हम्माल. याच साच्यातले दल्लाल, कस्साब, जल्लाद. मराठी वाचकाला यातलं काहीही परकं वाटणार नाही, कारण सराफ, दलाल, हमाल हे शब्द आपण रोज वापरतो.

आता सराफ आणि दलाल ही आडनावं पाहा. अशोक सराफ यांचं आडनाव अरबी साच्यातलं आहे. मडगावात जन्मलेले चित्रकार दीनानाथ दलाल यांचंही तसंच. त्यावरून त्यांची घराणी अरबस्तानातून आली असं कुणी म्हणत नाही, म्हणणारही नाही. शब्द दरबारातून आणि बाजारातून आला, धंद्याला चिकटला, धंद्यावरून घराला चिकटला. मग जे सराफांच्या बाबतीत इतकं सहज कळतं, ते अत्तारांच्या बाबतीत का कळू नये?

अत्तार नेमकं काय विकायचा हेही बघायला हवं, कारण आज आपण त्याला फक्त सुगंधाशी जोडतो. मध्ययुगीन अरब शहरातला अत्तार म्हणजे अर्धा सुगंधी, अर्धा वैदू आणि अर्धा किराणा दुकानदार. कस्तुरी, अंबर, गुलाबपाणी, चंदन त्याच्याकडे असायचंच. शिवाय मिरी, दालचिनी, केशर, वाळवलेली मुळं, बिया, मलमं, काढ्याची सामग्री. गंध, मसाला आणि औषध ही तीन वेगळी दुकानं नव्हती. तेराव्या शतकात कैरोत कोहेन अल-अत्तार नावाचा एक यहुदी औषधविक्रेता होता. त्यानं १२६० च्या सुमारास आपल्या मुलासाठी या धंद्याचा एक मार्गदर्शक ग्रंथ अरबीत लिहिला, त्यात सरबतं, चाटणं, मलमं यांच्या कृती आहेत आणि दुकानदारानं सचोटीनं कसं वागावं हेही आहे. आडनाव अत्तार, धर्म यहुदी, भाषा अरबी. हा माणूस लक्षात ठेवावा, पुढे लागेल.

सचोटीचा उपदेश उगाच नव्हता. बाजारावर नजर ठेवायला मुहतसिब नावाचा अधिकारी असायचा आणि त्याच्यासाठी लिहिलेल्या नियमपुस्तिकांमध्ये अत्तारांच्या लबाड्यांवर वेगळी प्रकरणं असत. बाराव्या शतकात सिरियात शैझरीनं लिहिलेल्या पुस्तिकेत केशराची भेसळ कशी चालते ते सांगितलं आहे: कोंबडीचं किंवा गाईचं मांस उकडायचं, त्याचे केसासारखे बारीक तंतू काढायचे, वाळवायचे, केशराच्या रंगात रंगवायचे आणि खऱ्या केशरात मिसळून द्यायचे. सुमारे साडेआठशे वर्षांपूर्वीच्या बाजारातलं हे वर्णन वाचलं की दुकान डोळ्यांसमोर उभं राहतं. इतक्या बारकाईनं नजर ठेवावी लागे, म्हणजे हा धंदा मोठा होता, पैशाचा होता आणि लोकांच्या जिवाशी खेळणाराही होता.

अरबीत एक जुनी काव्यपंक्ती आजही म्हणीसारखी वापरतात. एक म्हातारी गेलेलं तारुण्य परत मिळवायला अत्ताराकडे निघते, त्यावर कवी विचारतो: काळानं जे बिघडवलं ते अत्तार काय दुरुस्त करणार? अत्तार हा शहरातला रोजचा, ओळखीचा माणूस होता म्हणूनच तो म्हणीत आला.

आणि प्रत्येक मोठ्या शहरात त्याची वेगळी गल्ली होती. फेस शहरातला अत्तारीन मदरसा १३२३ ते १३२५ या काळात मरीनी घराण्यातला सुलतान अबू सईद यानं बांधला, शेजारच्या अत्तारांच्या बाजारावरूनच त्याला हे नाव पडलं. ट्यूनिसमध्ये जैतूना मशिदीला लागून अत्तारांचा सूक म्हणजे बाजार आहे, तेराव्या शतकातला. जेरुसलेमच्या जुन्या शहरात अत्तारांचा बाजार आहे, अलेक्झांड्रियात अत्तारीन नावाची वस्तीच आहे. हा बाजार बहुधा मुख्य मशिदीजवळ असे: सुगंधाला इस्लामी परंपरेत मान आहे, आणि चामडं कमावण्यासारखे घाण वासाचे धंदे दूर नदीकाठी ढकलले जात.

आडनावाच्या उगमाचं उत्तर इथंच मिळतं. अत्तार या नावाला एक मूळपुरुष नाही. फेसमध्ये ज्यानं ते दुकान टाकलं तो तिथला अत्तार झाला, बगदादमध्ये टाकलं तो तिथला. दोघांचं एकमेकांशी नातं असण्याचं काही कारण नाही. आपल्याकडे कुलकर्णी आडनावाच्या सगळ्या घरांचा एक पूर्वज शोधायला कुणी जात नाही, कारण ते पदाचं नाव आहे आणि पद गावोगाव होतं. तसंच हे. जिथं बाजार, तिथं अत्तार.

भाषेची आणि धर्माची सीमाही या नावानं पाळली नाही. फारसी सूफी कवी फरीदुद्दीन अत्तार हा इराणातल्या निशापूरचा, बाराव्या-तेराव्या शतकातला. तो औषधांचं दुकान चालवायचा आणि धंद्याचं नावच त्यानं कवितेत घेतलं. तो अरब नव्हता. स्पेनमध्ये ग्रॅनडाच्या शेवटच्या मुस्लिम राजाचा, बोआब्दिलचा सासरा अली अल-अत्तार हा लोहा शहराचा किल्लेदार होता. तरुणपणी तो मसाल्याचा व्यापार करायचा असं परंपरा सांगते. १४८३ मध्ये लुसेनाच्या लढाईत तो म्हातारपणी लढता लढता मारला गेला. स्पॅनिश लोकांनी त्याचं नाव जोडून ‘आलियातार’ करून टाकलं.

कैरोच्या त्या कोहेनसारख्या यहुदी घरांमध्ये तर हे नाव फार खोलवर रुजलं. मोरोक्को आणि स्पेनमधल्या यहुदी कुटुंबांत ‘इब्न अत्तार’ म्हणजे अत्ताराचा मुलगा हे नाव चालत आलं. मोरोक्कोतल्या सले शहरात १६९६ मध्ये जन्मलेले आणि १७४३ मध्ये जेरुसलेममध्ये वारलेले रब्बी हाईम इब्न अत्तार हे यहुदी धर्मग्रंथांचे मोठे भाष्यकार. त्यांच्या कबरीवर आजही भाविक जातात. स्पेन-पोर्तुगालमधून यहुद्यांना हाकलल्यावर हे नाव अबेनातार, बेनातार, बेनअत्तार अशी रूपं घेत युरोप आणि भूमध्य समुद्राच्या काठानं पसरलं. अमेरिकन गायिका पॅट बेनातार हिचं आडनाव यातलंच, पण ते तिला पहिल्या नवऱ्याकडून मिळालं. तिचं माहेरचं आडनाव पोलिश आहे. आडनावांच्या नकाशावर तिचा ठिपका बेनातारांमध्ये पडणार, वंश मात्र दुसरीकडचा.

मोरोक्कोच्या खेड्यांत तर अत्तार म्हणजे गाढवावर माल लादून फिरणारा फेरीवाला. मसाले, सुया, दोरा, आरसे, सुरमा, सुगंध असं बायकांच्या उपयोगाचं सामान तो दारोदार विकायचा, आणि या फेरीवाल्यांत यहुदी पुष्कळ असत. आपल्याकडच्या जत्रेतल्या अत्ताराच्या पालाशी याचं साम्य पाहून मला फार नवल वाटतं. दोन टोकांना, एकमेकांना न पाहिलेल्या माणसांनी त्याच नावाखाली जवळजवळ तोच धंदा चालवला.

मग ओळखीचं कायमचं आडनाव कधी झालं? याचं श्रेय किंवा दोष सरकारी कचेऱ्यांचा. फ्रेंचांनी अल्जीरियात १८८२ च्या कायद्यानं प्रत्येक कुटुंबाला ठरावीक आडनाव घ्यायला लावलं. इराणात १९२५ च्या सुमारास आडनाव सक्तीचं झालं आणि तिथं अत्तारी, अत्तारजादे, अत्तारान अशी रूपं कागदावर आली. अभिनेता रझा अत्तारान हे त्यातलं आज सर्वांत ओळखीचं नाव. तुर्कस्तानात १९३४ चा आडनाव कायदा आला. तुर्की भाषेत अत्तारचं ‘अक्तार’ झालेलं होतं, जडीबुटीच्या दुकानाला तिथं आजही अक्तार म्हणतात, आणि काही कुटुंबांनी तेच आडनाव घेतलं. इजिप्तमध्ये तर अजूनही पुष्कळ लोक स्वतःचं, वडिलांचं आणि आजोबांचं नाव एवढंच लावतात. घराण्याचं नाव कागदावर येईलच असं नाही. म्हणजे तिथं अत्तार घराण्यातला माणूस सरकारी यादीत अत्तार म्हणून सापडणारही नाही.

ज्या दिवशी आडनाव कागदावर पक्कं झालं, त्या दिवशी धंद्याशी त्याचा संबंध सुटायला मोकळा झाला. कायद्यांच्या आधीही असं कधी कधी घडायचं, वर सांगितलेले हसन अल-अत्तार याचं उत्तम उदाहरण आहेत. त्यांचे वडील खरोखर अत्तार होते, मुलगा मात्र पुस्तकांकडे वळला. नेपोलियनच्या स्वारीबरोबर १७९८ मध्ये इजिप्तमध्ये आलेल्या फ्रेंच विद्वानांशी त्यांनी ओळख केली, त्यांच्याकडची शास्त्रं कुतूहलानं पाहिली, पुढे कैरोच्या अल-अजहर या इस्लामी विद्यापीठाचे प्रमुख झाले. त्यांच्याच शिफारशीवरून त्यांचा शिष्य रिफाआ अत-तहतावी १८२६ मध्ये पॅरिसला गेला आणि परतल्यावर आधुनिक अरबी विचाराचा पाया घालणाऱ्यांपैकी एक ठरला. विसाव्या शतकात हे नाव आणखी दूर गेलं. इराकच्या चित्रकार लैला अल-अत्तार १९९३ मध्ये बगदादवरच्या अमेरिकी क्षेपणास्त्र हल्ल्यात घरातच मारल्या गेल्या. त्यांची बहीण सुआद अल-अत्तार याही नामवंत चित्रकार. सिरियात नजाह अल-अत्तार या २००६ पासून अनेक वर्षं उपराष्ट्रपती होत्या. त्यांचे भाऊ इसाम अल-अत्तार सरकारविरोधी मुस्लिम ब्रदरहुड संघटनेचे नेते म्हणून जर्मनीत निर्वासितासारखे जगले. एकाच घरातल्या बहीणभावांचं हे टोकाचं अंतर.

आता दख्खनकडे. आपल्याकडे हा शब्द थेट अरबांकडून कमी आणि फारसीतून जास्त आला. बहमनी राज्य १३४७ मध्ये उभं राहिलं, पुढे आदिलशाही, निजामशाही. या सगळ्यांच्या कारभारात फारसीचा मोठा वाटा होता आणि फारसीत अरबी शब्द खच्चून भरलेले. विजापूरच्या दरबाराला तर सुगंधाचं वेड होतं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात (१५८०–१६२७) त्याच्यासाठी सुगंधी द्रव्यांवर खास फारसी ग्रंथ लिहिला गेला. अशा राज्यात गंधाचा धंदा करणाऱ्याला दरबारी भाषेतलं नाव मिळणं अगदी साहजिक. तो माणूस इराणातून आलेला असो, अरब असो किंवा पिढ्यान् पिढ्या इथंच बुक्का आणि उदबत्ती करणाऱ्या घरातला असो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापलेल्या मुंबई इलाख्याच्या जिल्हावार गॅझेटियरांत मुस्लिम कारागिरांच्या यादीत अत्तारांची वेगळी नोंद येते. अत्तर, उदबत्ती, अबीर विकणारे लोक असं वर्णन असतं आणि मूळचे इथलेच हिंदू, नंतर धर्मांतरित झालेले असं त्यांच्याविषयी सांगितलेलं असतं. त्या काळच्या अधिकाऱ्यांनी जातींच्या उत्पत्तीबद्दल ऐकीव गोष्टी फार लिहिल्या, त्यामुळे कोणत्या बादशहाच्या वेळी काय झालं हा तपशील मी जपूनच घेईन. पण पेहराव, बोली, गावगाड्यातलं स्थान आणि गिऱ्हाईक पाहिलं तर मुळं इथलीच असावीत हे मला पटतं. देवळातल्या पूजेला लागणारा अबीर-बुक्का अत्ताराच्या दुकानातून यायचा, यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. गुजराती बाजूला याच धंद्याला गंधावरून गांधी हे नाव होतं. अत्तार आणि गांधी, धंद्याच्या दृष्टीनं ही आडनावं जवळची भावंडं आहेत.

आज इंटरनेटवर आडनावांचे नकाशे मिळतात: नाव टाका, जगात कुठं किती माणसं ते दिसतं. अत्तारच्या बाबतीत हे नकाशे फार सांभाळून वाचावेत. अरबीतला पहिला वर्ण ‘ऐन’ घशातून येतो, त्याला रोमन लिपीत अक्षर नाही आणि देवनागरीतही नाही. दुसरा वर्ण जड ‘त’. दोन्ही लिपी बदलताना हरवतात. फ्रेंच कारकुनानं एल अत्तार लिहिलं, इंग्रजानं अत्तार, दुसऱ्यानं एकच त. महाराष्ट्रातच अत्तार, आत्तार, आतार अशी तीन रूपं एका तालुक्यात दिसतात, कधी एका घरात, कारण शाळेत नाव घालणारे गुरुजी वेगळे. नकाशा यांना तीन वेगळी आडनावं मानतो.

उलटही होतं. तुर्की अक्तार म्हणजे आपला अत्तार, पण बांगलादेशातही हेच रोमन अक्षरांत फार मोठ्या संख्येनं दिसतं आणि तिथं ते फारसी ‘अख्तर’ आहे, तारा या अर्थाचं. त्यांचा काही संबंध नाही. ‘अता’ म्हणजे देणगी, अताउल्ला हे नाव त्यातलं, तेही वेगळं.

सर्वांत मोठी फसगत होते ती अत्तास या नावानं. इंडोनेशियाचे १९८८ ते १९९९ या काळातले परराष्ट्रमंत्री अली अलातास यांचं आडनाव ऐकताना अत्तारच्या अगदी जवळचं वाटतं. अरबीत फक्त शेवटचं अक्षर बदलतं. पण अत्तास म्हणजे शिंकणारा, आणि ते येमेनमधल्या हद्रमौतच्या एका सय्यद घराण्याचं नाव आहे. मूळपुरुष एक, वंशावळी काळजीपूर्वक जपलेल्या. इंडोनेशियात तर १९२८ मध्ये स्थापन झालेली राबिता अलविया ही संस्था अशा घराण्यांच्या नोंदी ठेवते. अत्तास आडनावाचे दोन अनोळखी लोक भेटले तर ते खरोखर दूरचे भाऊबंद असण्याची शक्यता दाट. अत्तार आडनावाचे दोघे भेटले तर तसं मुळीच नाही. म्हणून ‘अरबी आडनाव’ असा एकच गठ्ठा करून चालत नाही: काही आडनावं वंशाची असतात, काही धंद्याची, आणि दोघांना वेगळे प्रश्न विचारावे लागतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उस्मानी (ऑटोमन) सिरिया-लेबनॉनमधून माणसं दोन्ही अमेरिकांकडे निघाली, दक्षिणेत त्यांना उस्मानी कागदपत्रांमुळे ‘तुर्को’ म्हटलं गेलं. १९४८ नंतर अरब देशांतले यहुदी इस्रायल आणि फ्रान्सकडे गेले, अल्जीरिया-मोरोक्कोचे मजूर फ्रान्सला गेले, इराक-सिरियाच्या युद्धांनी आणखी लाखो लोक विखुरले. या प्रत्येक लाटेत अत्तार आडनावाची माणसं होती. त्यामुळे पॅरिसमधल्या दोन अत्तारांपैकी एक कासाब्लांकाच्या यहुदी घरातला आणि दुसरा दमास्कसच्या सुन्नी घरातला असू शकतो.

ज्यांना आपल्या घराचा माग खरोखर काढायचा आहे त्यांनी आडनावाच्या अर्थापाशी फार वेळ घालवू नये. तहसील कचेरीत जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी, म्हणजे कोतवाल बुकं, असतात. त्यातल्या बऱ्याच मोडी लिपीत आहेत. शाळेचा जुना दाखला, दर्ग्याच्या किंवा मशिदीच्या इनामाची सनद, घरजागेचे कागद, पेठेतल्या दुकानाचं खत, यांतून पणजोबा-खापरपणजोबांचं गाव आणि धंदा सापडतो. त्याआधीचं काही हवं असेल तर पुणे आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत पेठांचे, जकातीचे आणि बलुत्याचे कागद आहेत. तिथं नाव कदाचित ‘अत्तार’ असं एकटं न येता गाव, पेठ आणि जकात यांच्यासकट येईल, आणि तो तपशील कुठल्याही जागतिक नकाशापेक्षा कितीतरी जास्त सांगेल. मोडी वाचता येत नसेल तर वाचणारे गाठावेत. हल्ली मोडीचे वर्ग पुष्कळ ठिकाणी भरतात आणि तिथली माणसं असे कागद आनंदानं वाचून देतात.